निवृत्तांचा फोन उचलणारं माणूस

तुमचा प्रश्न असा आहे: येत्या काही वर्षांत तुमच्या कंपनीतून बरेच जुने लोक निवृत्त होणार आहेत. 'निवृत्तांशी संपर्क' हे काम तुमच्याकडे आलं आहे. वर्षातून एक स्नेहमेळावा आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढ्यावर भागेल, असं वरिष्ठांना वाटतं. ते पुरेसं आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करायची?

पुरेसं नाही. मेळावा जरूर घ्या. जुने सोबती भेटतात, माणसं हरखून जातात, त्याचं मोल आहेच. पण निवृत्त माणसाला कंपनीची गरज मेळाव्याच्या दिवशी पडत नाही. ती पडते पेन्शन खात्यात आलेली नसते तेव्हा, रुग्णालयाच्या काउंटरवर विम्याचं कार्ड चालत नाही तेव्हा, किंवा घरातलं माणूस गेल्यावर कुठले कागद कुणाकडे द्यायचे हे कळत नाही तेव्हा. अशा वेळी फोन लावला आणि पलीकडून "तुमचा नंबर आता सिस्टीममध्ये दिसत नाही, ईमेल करा" असं ऐकू आलं, तर तीस-पस्तीस वर्षांचं नातं त्या एका वाक्यात तुटतं. म्हणून माझा सल्ला असा की सगळ्यात आधी निवृत्तांचा फोन उचलणारं आणि काम करून देण्याचा अधिकार असलेलं एक माणूस नेमा. मेळावा, मासिक, पोर्टल हे सगळं त्याच्या मागून येऊ द्या.

हे माणूस कसं असावं, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक कंपन्या इथेच कमी पडतात. हे काम नव्याने रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थीकडे दिलं जातं, किंवा ज्याच्याकडे आधीच पाच कामं आहेत त्याच्या गळ्यात सहावं म्हणून घातलं जातं. दोन्हीकडे निकाल एकच: निवृत्त माणूस प्राधान्याच्या यादीत शेवटी जातो, कारण तो दारात उभा राहून भांडत नाही. या जागेवर कंपनीत निदान दहा-पंधरा वर्षं घालवलेलं, वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांना ओळखणारं, पगार आणि पेन्शनचा हिशेब समजणारं माणूस हवं. लेखा विभागाला आणि विमा कंपनीला थेट फोन करून "हे आज झालं पाहिजे" असं म्हणण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. त्याच्या वार्षिक मूल्यांकनात हे काम मोजा. तो रजेवर असेल तर बदली कोण, हेही ठरवून ठेवा. आणि निवृत्तांचा फोन नंबर कधीही बदलू नका. माणसं बदलतील, नंबर तोच राहायला हवा, कारण तो अनेक घरांत भिंतीवर लिहिलेला असतो.

फोन उचलणाऱ्याने करायचं पहिलं काम म्हणजे यादी. तुमच्याकडे आज निवृत्तांची यादी असेल, पण ती बहुधा निवृत्तीच्या दिवशी गोठलेली असेल. पत्ता कंपनीच्या वसाहतीतला, फोन बंद पडलेला, वारस म्हणून आईचं नाव. ही यादी जिवंत करा. प्रत्येकामागे दोन फोन नंबर हवेत, एक स्वतःचा आणि एक मुलगा, मुलगी, शेजारी अशा कुणाचा. जोडीदाराचं नाव, वारसाचं नाव, सध्याचा पत्ता, विम्याचा क्रमांक, आणि कुठल्या भाषेत पत्र पाठवलेलं आवडेल याची नोंद हवी. ही माहिती कशासाठी घेत आहोत ते सांगून संमती घ्या आणि ती दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका. निवृत्तांची यादी गुंतवणूक योजना विकणाऱ्यांच्या हाती गेली, तर विश्वास पुन्हा जमवणं फार अवघड जातं. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला घेत असाल, तर त्याच फोनवर पत्ता आणि वारस तपासून घ्या. एकाच फोनमध्ये दोन्ही कामं होतात.

आता वेळेबद्दल. संपर्क निवृत्तीनंतर सुरू करू असं ठरवलंत तर उशीर झालेला असेल. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी 1967मध्ये आयुष्यातल्या 43 ताणदायक बदलांची क्रमवारी लावली होती. जोडीदाराच्या मृत्यूला त्यांनी 100 गुण दिले. निवृत्ती 45 गुणांसह दहाव्या जागी होती. पुढे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीचे दिवस लांबलेल्या सुट्टीसारखे, मग भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवणं. सगळेच या क्रमाने जातात असं नाही, पण पहिले काही महिने मजेत गेल्यावर येणारी पोकळी मी इतक्या जणांच्या आवाजात ऐकली आहे की तुम्हाला सांगते, पहिला फोन निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करा आणि दुसरा सहा महिन्यांनी. त्या दुसऱ्या फोनला दहा मिनिटं नव्हे, अर्धा तास राखून ठेवा.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षात तीन बैठका घ्या. पहिली पैशांची: काय मिळेल, कधी मिळेल, कर किती, एकरकमी घ्यायचं की मासिक. दुसरी आरोग्य विम्याची. तिसरी घरच्यांना पुढे लागणाऱ्या कागदांची, आणि तिला जोडीदाराला बोलवाच. हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगते. याचं कारण पुढे येईल. शिवाय शेवटच्या दिवसाआधी रोजच्या आयुष्याबद्दलही बोला. कित्येक वर्षं पाळीच्या भोंग्यावर उठलेल्या माणसाला "आता आराम करा" एवढाच सल्ला देणं क्रूर आहे.

जोडीदाराला बोलवायचं, कारण कंपनीशी शेवटचा व्यवहार बहुतेक वेळा निवृत्त माणूस करतच नाही. तो करते त्याची पत्नी, किंवा तिचा पती, किंवा मुलं. माणूस गेल्यावर घरातल्यांना कुटुंब पेन्शन आहे का, विमा चालू राहतो का, कुठला अर्ज, कुठले दाखले, यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून निवृत्तीच्या वेळी प्रत्येक घरात एक पान द्या. मोठ्या अक्षरात, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत: कंपनीचा नंबर, पेन्शनचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, आणि "निधन झाल्यास काय करावं" याच्या चार ओळी. हा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो, घरच्यांना मात्र तो कागद हवा असतो. निधनाची बातमी आली की पहिला फोन कंपनीने करायचा, सांत्वनासाठी. कागदांची गोष्ट त्या फोनवर काढायची नाही. काही दिवसांनी दुसरा फोन, आणि शक्य असेल तर अर्ज घेऊन माणूस घरी जाणं. ज्या कंपन्या एवढं करतात त्यांच्याबद्दल गेलेल्या माणसाची मुलं पुढची कित्येक वर्षं आदराने बोलतात.

पैशांबाबत भावनिक आवाहनं उपयोगी पडत नाहीत, तिथे रचना लागते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये स्टुडबेकरचा मोटार कारखाना डिसेंबर 1963मध्ये बंद झाला. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. पण त्यांच्या खालच्या, 40 ते 59 वयाच्या चार हजारांहून अधिक कामगारांना हक्काच्या रकमेतले जेमतेम 15 टक्के मिळाले, आणि त्याहून तरुणांना काहीच नाही. निधीत पुरेसे पैसेच नव्हते. या घटनेने सुरू झालेली चर्चा 1974च्या 'एरिसा' या कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणाऱ्या कायद्यापर्यंत पोहोचली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 1991मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर उघड झालं, की मिरर वृत्तपत्र समूहाच्या आणि त्यांच्या इतर कंपन्यांच्या पेन्शन निधींतून 40 कोटी पौंडांहून अधिक रक्कम वळवली गेली होती. त्यानंतर 1995चा पेन्शन कायदा आला. तुमचा देश कुठलाही असो, कायद्याने मागितलं नसलं तरी तीन गोष्टींचा आग्रह धरा. निवृत्तांचा निधी कंपनीच्या खात्यापासून वेगळा, न्यासाच्या ताब्यात. न्यासाच्या मंडळावर निवृत्तांनी निवडलेला निदान एक प्रतिनिधी. आणि दरवर्षी प्रत्येक निवृत्ताला साध्या भाषेत एक पत्र: निधीत किती आहे, देणं किती आहे, तूट असेल तर ती कशी भरणार. तूट लपवलेली कंपनी मेळाव्यात कितीही छान बोलली तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

आरोग्य विमा हा सगळ्यात कठीण विषय, कारण निवृत्तांना तो सगळ्यात जास्त हवा असतो आणि कंपनीला तो सगळ्यात महाग पडतो. अमेरिकेच्या लेखा मानक मंडळाने 1990च्या शेवटी नियम केला, की निवृत्तांच्या आरोग्याचा पुढचा खर्च, माणूस नोकरीत असतानाच हिशेबात देणं म्हणून दाखवावा. त्याआधी कंपन्या जेव्हा बिल येईल तेव्हा खर्च धरत. जनरल मोटर्सला 1992च्या ताळेबंदात यापोटी 20 अब्ज डॉलरहून मोठा बोजा दाखवावा लागला. त्या काळात अनेक कंपन्यांनी निवृत्तांच्या आरोग्य सवलतींवर मर्यादा घातली किंवा नव्या लोकांसाठी त्या बंदच केल्या. खर्च नवा नव्हता, फक्त पहिल्यांदा दिसला होता. यातून घ्यायचं ते असं: निरोप समारंभात कुठल्याही साहेबाने "कंपनी आयुष्यभर तुमची काळजी घेईल" असं तोंडी बोलू नये. कुठली गोष्ट हमी म्हणून आहे आणि कुठली दरवर्षी बदलू शकते, हे लिहून द्या. लोक कमी सवलत समजून घेतात, पण मोडलेला शब्द विसरत नाहीत.

पूर्ण हप्ता भरण्याची कंपनीची ऐपत नसेल, तरी एक मोठी गोष्ट करता येते. निवृत्तांसाठी गट विमा काढा, हप्ता त्यांनी स्वतः भरला तरी चालेल. साठीनंतर एकट्याने नवा विमा काढायला गेलं, तर आधीचे आजार वगळले जातात किंवा हप्ता फार चढतो. गटात शिरताना ही अडचण बरीच कमी होते. पण प्रवेश निवृत्तीच्या वेळीच ठेवा, "पुढे कधीही या" असं ठेवू नका. तसं केलंत तर धडधाकट लोक बाहेर थांबतात, आजारी पडल्यावर येतात, दावे वाढतात, हप्ता वाढतो, मग उरलेले धडधाकटही सोडून जातात आणि दोन-चार वर्षांत योजना कोसळते. आणि रात्री-अपरात्री दाखल करताना विमा कंपनीचा कोण माणूस फोन उचलेल, हे करारात लिहून घ्या. योजनेची खरी किंमत त्या रात्री कळते.

आता जी गोष्ट व्यवस्थापनाला सर्वांत लवकर पटते ती, म्हणजे जुन्यांचं ज्ञान. अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमात 'फॉगबँक' या नावाचा एक पदार्थ लागतो. त्याचं उत्पादन 1980च्या दशकाअखेर थांबलं. पुढे जुन्या अस्त्रांच्या नूतनीकरणासाठी तो पुन्हा हवा झाला, तेव्हा कसा बनवायचा तेच धड कुणाला येईना. तिथल्या सरकारी हिशेब तपासणी कार्यालयाने 2009च्या अहवालात कारण स्पष्ट नोंदवलं: प्रक्रियेच्या नोंदी फार थोड्या ठेवल्या होत्या आणि जाणकार माणसं जवळपास सगळी निवृत्त झाली होती किंवा सोडून गेली होती. त्यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच खटपटीनंतर लक्षात आलं, की जुन्या प्रक्रियेत कच्च्या मालात एक अशुद्धी राहून जायची आणि पदार्थाचे गुण तिच्यावर अवलंबून होते. नव्या पद्धतीत माल अधिक स्वच्छ झाला आणि तेच नडलं. मूळ काम करणाऱ्यांनाही ती अशुद्धी इतकी मोलाची आहे हे ठाऊक नव्हतं.

म्हणून जाणाऱ्या माणसाकडून "तुम्हाला जे माहीत आहे ते लिहून द्या" असं म्हणून भागत नाही. आपल्याला काय येतं हे त्यालाही पूर्ण सांगता येत नाही. शेवटच्या वर्षात एखाद्या तरुणाला त्याच्याबरोबर कामावर उभं करा, त्याने हात लावलेल्या प्रत्येक गोष्टीला "हे असं का?" विचारू द्या, व्हिडिओ घ्या. आणि निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं अडचणीला विचारायची वाट उघडी ठेवा.

या वाटेचे रीतसर नमुने आहेत. जर्मनीच्या बॉश कंपनीने 1999मध्ये एक वेगळी संस्थाच काढली, जी निवृत्त तज्ज्ञांना ठरावीक मुदतीच्या कामांसाठी पुन्हा बोलावते. प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि एली लिली यांनी 2003मध्ये 'युअरएन्कोर' उभी करून निवृत्त शास्त्रज्ञ आणि अभियंते यांचं जाळं तयार केलं. जपानमध्ये तर कायदाच आहे. 65 वर्षांपर्यंत काम मिळण्याची सोय करणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि एप्रिल 2021पासून 70 वर्षांपर्यंत तशी संधी देण्याचा प्रयत्न करणं हेही त्यांचं कर्तव्य धरलं आहे. तिथली खटकणारी बाजूही पाहा. पुन्हा नेमलेल्या माणसाचा पगार बराच खाली येतो, अनेकदा काम तेच असताना, आणि त्यावरून झालेली भांडणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत.

तुमच्याकडे कुणाला परत बोलावणार असाल, तर नियम थोडेच पण कडक ठेवा. मोबदला द्या. "तुम्ही घरचेच आहात" म्हणून फुकट राबवून घेणं हा त्यांच्या कौशल्याचा अपमान आहे. काम, मुदत आणि वेळ लेखी ठरवा. यंत्रशाळेत उतरणार असतील तर अपघात विमा आणि सुरक्षा प्रशिक्षण पुन्हा द्या, कितीही जुने असले तरी. आणि ज्या खुर्चीवरून ते उठले, त्या खुर्चीच्या मागे त्यांना उभं करू नका. नव्या प्रमुखाला जुन्याच्या सावलीत काम करणं जमत नाही, आणि जुन्यालाही आपला शब्द आता चालत नाही हे रोज पाहणं सोसत नाही. दुसऱ्या विभागात, दुसऱ्या कारखान्यात, शिकवण्याच्या कामात त्यांना मान मिळतो.

आता निवृत्तांच्या गटाबद्दल. 'टेलिफोन पायोनिअर्स'ची गोष्ट सांगते. 1911मध्ये अमेरिकेतल्या दूरध्वनी कंपन्यांतल्या जुन्या लोकांनी ही संघटना बांधली. पहिली सभा बोस्टनला झाली आणि त्या सभेला स्वतः अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होते. हेतू सुरुवातीला जुन्या सोबत्यांनी भेटत राहावं एवढाच होता. पण नुसत्या आठवणींवर संघटना टिकत नाही. या लोकांच्या हातात तारा जोडण्याचं, यंत्रं दुरुस्त करण्याचं कसब होतं, आणि ते त्यांनी समाजाला दिलं. 1960पासून अंध वाचकांसाठीच्या बोलक्या पुस्तकांची यंत्रं ते विनामूल्य दुरुस्त करत आले. दृष्टिहीन मुलांना खेळता यावं म्हणून आवाज करणारा चेंडूही याच मंडळींच्या हातचा. तुमच्या निवृत्तांच्या गटालाही असंच, त्यांच्या हाताला येणारं काम द्या. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे साठीतल्यांनी पंच्याहत्तरीपुढच्यांना महिन्यातून एकदा फोन करणं. तब्येत, एकटेपणा, अडलेला कागद, हे सगळं कंपनीच्या माणसाआधी जुन्या सोबत्याला कळतं. गटाची पदं, निवडणुका, हिशेब त्यांचे त्यांना सांभाळू द्या. जागा, थोडा निधी आणि ऐकणारा अधिकारी एवढंच तुमच्याकडून. ते तुमच्यावर टीका करतील. करू द्यावी.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाईट नाही, पण त्यात शुभेच्छांच्या ढिगाखाली विम्याची शेवटची तारीख गाडली जाते. महत्त्वाच्या सूचनांसाठी वेगळा, फक्त कंपनीने लिहायचा गट ठेवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना कागदी पत्र पाठवा. पोर्टलचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायला लावणारी व्यवस्था निवृत्तांसाठी नको. आणि फसवणुकीची सूचना वारंवार द्या: कंपनी कधीही फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारणार नाही. पेन्शन मिळणारी माणसं भामट्यांना हेरायला सोपी जातात, आणि भामटे कंपनीचंच नाव सांगतात.

आणखी दोन गोष्टी, ज्या कुठल्याच धोरणात सहसा लिहिलेल्या नसतात. पहिली, गेट. जिथे आयुष्य गेलं त्या फाटकावर सिक्युरिटीने "तुम्ही कोण?" विचारून उन्हात उभं केलं, ही तक्रार मी पेन्शनच्या तक्रारींइतकीच ऐकली आहे. निवृत्तांना फोटोचं ओळखपत्र द्या आणि आत बसायला एक खोली ठेवा. दुसरी, वगळलेली माणसं. अधिकाऱ्यांसाठी क्लब असतो, कामगारांसाठी काही नसतं. ठेकेदाराच्या नावावर वीस-पंचवीस वर्षं उपाहारगृहात, सफाईत किंवा वाहन चालवण्यात घालवलेले लोक तर यादीतच नसतात. दुखावून, कर्मचारी कपातीत किंवा स्वेच्छानिवृत्तीत गेलेलेही नसतात. पैशांचे हक्क कायद्याने वेगळे असतील, पण मेळाव्याचं निमंत्रण, ओळखपत्र, निधनानंतरचा फोन यात भेद करायला कुठलाही कायदा सांगत नाही.

वरिष्ठांसमोर जाताना मेळाव्याचे फोटो नेऊ नका. दर तिमाहीला चार आकडे न्या: किती फोन आले आणि त्यातल्या कितींचं काम सात दिवसांत झालं, निधनानंतर कुटुंब पेन्शन सुरू व्हायला सरासरी किती दिवस लागले, किती निवृत्तांचा पत्ता आणि वारस गेल्या वर्षभरात तपासला, आणि किती जोडीदारांकडे ते 'एक पान' आहे. दुसरा आकडा पहिल्यांदा मोजाल तेव्हा तो महिन्यांत निघेल, दिवसांत नाही. तो सगळ्यांसमोर ठेवा, कारण निधी आणि माणूस मंजूर करून घ्यायला त्याहून मोठं कारण तुम्हाला सापडणार नाही. तोवर थांबू मात्र नका. यादी वयानुसार लावा आणि सर्वांत वयस्क असलेल्यांपासून रोज काही फोन करायला सुरुवात करा.